कापडी ग्रो बॅगेतील भाजीपाला आणि फळझाडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात गच्चीवर कापडी पिशव्यांमध्ये भाजीपाला लावायला लागल्यापासून शेजारी, नातेवाईक आणि नव्याने बाग सुरू करणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. वेळापत्रक पुण्यासारख्या पठारी हवामानाचे आहे. कोकण आणि विदर्भात जिथे वेगळे वागावे लागते, तिथे तसे नमूद केले आहे.

कापडी ग्रो बॅग म्हणजे नेमके काय? हिरव्या प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा ती वेगळी कशी?

बाजारात ग्रो बॅग या एकाच नावाने दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक ताडपत्रीसारखी विणलेली, बहुधा हिरव्या रंगाची पिशवी, जिच्या तळाशी पाणी जाण्यासाठी छिद्रे असतात. दुसरी नमद्यासारख्या जाड, न विणलेल्या कापडाची, जिच्या सर्व अंगातून हवा आणि पाणी आरपार जाते. या पानावरील उत्तरे दुसऱ्या प्रकाराविषयी आहेत. विकत घेताना पिशवीच्या बाजूला तोंड लावून फुंकर मारून पाहावी. हवा पलीकडे जात असेल तर ती खरी कापडी पिशवी. तिला कापडी म्हणत असले तरी ती सुती नसते. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या धाग्यांची असते, म्हणूनच ती सततच्या ओलाव्यात कुजत नाही.

फरक मुळांमध्ये दिसतो. प्लॅस्टिकच्या कुंडीतून वर्षभराचे झाड उपटून पाहिले, तर मातीच्या गोळ्याभोवती मुळांनी घातलेला वेढा दिसतो. मूळ भिंतीला टेकते, वाट न मिळाल्याने वळते आणि गोल गोल फिरत राहते. कापडी पिशवीत तेच मूळ कडेला पोहोचले की बाहेरच्या कोरड्या हवेने त्याचे टोक वाळते, वाढ थांबते आणि मागच्या बाजूला नवी बारीक मुळे फुटतात. अन्न आणि पाणी मुख्यतः ही बारीक मुळेच शोषून घेतात, त्यामुळे तेवढ्याच मातीत झाडाला जास्त तोंडे मिळतात.

मग कुंडीपेक्षा ही पिशवी सगळ्याच बाबतींत चांगली म्हणायची का?

तसे म्हणता येणार नाही. ज्या कापडातून हवा आत जाते त्याच कापडातून पाणी बाहेर उडून जाते, आणि ही गोष्ट समजून न घेतल्यामुळेच बहुतेक लोकांची पहिली बाग मार्च-एप्रिलमध्ये जळते. आपल्या शेतकऱ्यांकडे यासाठी एक नेमका शब्द आहे: वाफसा. माती चिखल नाही आणि कोरडीही नाही, तिच्या कणांमध्ये ओल आणि हवा दोन्ही नांदत आहेत, अशी अवस्था म्हणजे वाफसा. प्लॅस्टिकच्या कुंडीत हवा कमी पडते म्हणून वाफसा मोडतो, तर कापडी पिशवीत पाणी कमी पडते म्हणून. मिश्रण, पाणी, आच्छादन, सावली याविषयी पुढे जे काही सांगितले आहे ते सारे हा वाफसा टिकवण्यासाठीच आहे.

कोणत्या भाजीला किती मोठी पिशवी घ्यावी?

पिशव्यांची मापे इंचांत दिलेली असतात. पहिला आकडा व्यासाचा, दुसरा उंचीचा. 9 बाय 9 च्या पिशवीत सुमारे 9 लिटर, 12 बाय 12 मध्ये सुमारे 22 लिटर, 15 बाय 15 मध्ये 43 लिटर आणि 18 बाय 18 मध्ये 75 लिटर मिश्रण मावते. व्यास आणि उंची थोडीच वाढली तरी आतली जागा दुपटीच्या घरात वाढते, हे या आकड्यांवरून लक्षात येईल.

मेथी, पालक, कोथिंबीर, चाकवत, माठ या पालेभाज्यांना खोली कमी आणि पसारा जास्त लागतो, म्हणून त्यांना 24 बाय 9 सारखी रुंद व बसकी पिशवी द्यावी. मिरची, वांगे, भेंडी, टोमॅटो यांचे एकेक झाड 12 बाय 12 मध्ये व्यवस्थित येते. दुधी, दोडका, कारले यांच्या वेलांना 15 बाय 15 पेक्षा लहान पिशवी देऊ नये. 9 बाय 9 च्या पिशवीत टोमॅटो लावण्याचा मोह टाळावा. रोप लहान असताना ती पुरेशी वाटते, पण फळे धरण्याच्या सुमारास दिवसातून तीनदा पाणी घालूनही झाड माना टाकते.

गच्चीला एवढे वजन सोसेल का?

हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. प्रत्यक्षात बहुतेक जण तो सर्वांत शेवटी विचारतात. ज्या गच्चीवर जाण्यासाठी जिना आहे अशा गच्चीसाठी भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला सुमारे 150 किलो इतका वापराचा भार गृहीत धरतात. हलके मिश्रण भरलेली 12 इंची पिशवी पाणी घातल्यावर साधारण 20 किलो भरते. एका चौरस मीटरमध्ये अशा नऊ पिशव्या खेटून मावतात, म्हणजे भार 180 किलो होतो. सहा ठेवल्या तर 120. तीच पिशवी नुसत्या मातीने भरली तर एकटीच 35 किलोच्या आसपास जाते. म्हणून मिश्रण हलके ठेवावे, पिशव्या विरळ मांडाव्यात आणि मोठ्या पिशव्या खालच्या तुळयांच्या व भिंतींच्या रेषेवर ठेवाव्यात. इमारत जुनी असेल किंवा गच्चीतून आधीच गळती असेल, तर स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय एकही पिशवी वर नेऊ नये.

पिशवी थेट फरशीवर किंवा कोब्यावर टेकवू नये. विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवल्यास खालून हवा खेळते, फरशीवर तपकिरी डाग पडत नाहीत आणि मुळे कापडातून बाहेर पडून कोब्याच्या भेगांत शिरत नाहीत. सोसायटीची सामायिक गच्ची असेल तर लेखी परवानगी घ्यावी. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला फळांनी लगडलेली चाळीस झाडे आठवडाभरात उतरवावी लागली होती. तोंडी होकार देणारी मंडळी बदलली आणि नव्या मंडळींना तो होकार मान्य नव्हता.

पिशवीत भरायचे मिश्रण कसे तयार करावे?

आकारमानाने तीन भाग करावेत: एक भाग चाळलेली तांबडी माती किंवा पोयटा, एक भाग भिजवून फुलवलेले कोकोपीट, आणि एक भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेले शेणखत. 12 इंची पिशवीमागे दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. तळाशी पालापाचोळ्याचा किंवा उसाच्या चिपाडाचा चार बोटे थर दिला तर वजन कमी होते आणि तो कुजून पुढे खतही होतो. नुसती काळी माती वापरू नये; पाण्याने ती फुगते, वाळली की भेगा पडतात, आणि त्या भेगांतून घातलेले पाणी सरळ खाली जाते.

कोकोपीटची 5 किलोची वीट भिजवल्यावर साधारण 70 लिटर होते. भिजवल्यानंतर ते एकदा तरी चांगल्या पाण्याने धुऊन पिळून घ्यावे, कारण नारळाच्या काथ्यात मूळचेच क्षार असतात आणि स्वस्त विटांमध्ये ते अधिक असतात.

शेणखताच्या बाबतीत मात्र घाई करू नये. एका वर्षी एका रोपवाटिकेतून आम्ही तयार मिश्रणाची पोती आणली. रंग काळा होता, पण हातात घेतल्यावर ते किंचित गरम लागत होते आणि शेणाचा वास येत होता. तरीही आम्ही ते भरले. दीड महिन्याने वांग्याची झाडे भर दुपारी नव्हे तर सकाळीच माना टाकू लागली. एक झाड धरून हलकेच ओढले तर ते मुळांशिवाय हातात आले, आणि खाली मातीत करंगळीएवढी जाड, पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, होती. त्या एका पिशवीत अकरा निघाल्या. हुमणीचे भुंगे अर्धवट कुजलेल्या शेणात अंडी घालतात, त्यामुळे असे खत म्हणजे हुमणीच घरी आणणे. चांगले कुजलेले खत थंड असते, चहाच्या पत्तीसारखे भुसभुशीत असते आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो.

पाणी किती आणि केव्हा घालावे?

ठराविक लिटर सांगणारे उत्तर उपयोगाचे नाही, कारण तीच पिशवी जानेवारीत दोन दिवस ओली राहते आणि मे महिन्यात दुपारपर्यंत कोरडी पडते. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसावे. तिथे ओल लागली तर थांबावे, कोरडे लागले तर तळातून पाणी झिरपू लागेपर्यंत सावकाश घालावे. पुण्यात उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ अशा दोन वेळा पाणी लागते. नागपूर, अकोला, चंद्रपूर या भागांत पारा 45 अंशांपर्यंत जातो. तिथे 50 टक्के सावलीच्या हिरव्या जाळीशिवाय एप्रिल-मेमध्ये कापडी पिशवीत फळभाजी टिकवणे फार अवघड आहे.

आच्छादनाने पाण्याची गरज लक्षणीय घटते. वाळलेली पाने, नारळाच्या शेंड्या, उसाचे पाचट, भाताचा पेंढा यांपैकी जे हाताशी असेल त्याचा दोन-तीन बोटे थर मातीवर पसरावा, मात्र खोडाला चिकटू देऊ नये. पिशव्यांच्या रांगेत पश्चिमेकडच्या पिशव्या दुपारच्या उन्हात आधी तापतात. त्यांच्या बाहेरून जुने गोणपाट गुंडाळले तरी पुष्कळ फरक पडतो.

पाणी घालताच ते बाजूने वाहून जाते आणि आतली माती कोरडीच राहते. असे का होते?

मिश्रण एकदा पूर्ण वाळले की कोकोपीट आक्रसते, पिशवीच्या कडेला फट पडते आणि घातलेले पाणी त्या फटीतून निघून जाते. वरून कितीही ओतले तरी उपयोग होत नाही. अशी पिशवी अर्ध्या तासासाठी पाण्याच्या टबात ठेवावी, म्हणजे खालून ओल वर चढते. पिशवी मोठी असेल तर लाकडी काडीने मातीत सात-आठ भोके पाडून दर दहा मिनिटांनी थोडे थोडे पाणी द्यावे.

आमच्या बाल्कनीत ऊन कमी येते. काय लावता येईल?

फळभाज्यांना किमान सहा तासांचे थेट ऊन हवे. पालेभाज्या, पुदिना, गवती चहा, आले, अळू यांचे तीन-चार तासांत भागते. दिशा पाहताना महिनाही पाहावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन खोलवर येते. पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो आणि तेव्हापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे जानेवारीत टोमॅटोने लगडलेल्या दक्षिण बाल्कनीत जूनमध्ये वरच्या स्लॅबची सावली पडते. झाड आजारी आहे असे समजून खत वाढवत बसण्यापेक्षा त्या दिवसांत तिथे अळू आणि आले लावावे.

कोणती भाजी केव्हा लावावी?

भेंडी, गवार, काकडी, दोडका, कारले, दुधी यांची लावण जून-जुलैत आणि पुन्हा जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत करावी. मेथी, पालक, मुळा, गाजर, कोबी, फ्लॉवर, मटार यांचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. टोमॅटो, वांगी आणि मिरची यांची रोपे आधी ट्रेमध्ये करून चार-पाच आठवड्यांनी पिशवीत लावावीत. भेंडी, गवार, मुळा, गाजर यांचे बी थेट पिशवीतच टोकावे, कारण त्यांना मुळे हलवलेली सोसत नाहीत. धणे लाटण्याने रगडून दोन फाकी कराव्यात आणि रात्रभर भिजवून पेरावेत. सबंध धणे पेरून महिनाभर वाट पाहणारे अनेक जण भेटतात.

आले आणि हळद यांच्यासाठी कापडी पिशवीइतके चांगले घर नाही, असे आमचे मत आहे. मेअखेर रुंद पिशवीत कंद लावावेत. पाने पिवळी पडून वाळली की जानेवारी-फेब्रुवारीत पिशवी सरळ पालथी करावी. खणताना कुदळीने कंद कापले जाण्याचा प्रश्नच येत नाही.

बटाटा पिशवीत खरोखर येतो का?

येतो, आणि मुलांना दाखवण्यासारखे याहून चांगले पीक नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कोंब आलेले बटाटे घ्यावेत. मोठे असतील तर प्रत्येक तुकड्यावर दोन डोळे राहतील असे कापून एक दिवस सावलीत सुकू द्यावेत. 15 बाय 15 च्या पिशवीच्या कडा अर्ध्यापर्यंत बाहेरून दुमडून तळाशी वीतभर मिश्रण भरावे आणि तीन तुकडे डोळे वर करून लावावेत. रोपे वीतभर झाली की कड थोडी उलगडून शेंडे तेवढे वर ठेवत मिश्रणाची भर द्यावी, आणि हे दोनदा-तीनदा करावे. भर कमी पडून बटाटा उघडा राहिला तर उन्हाने हिरवा होतो. असा हिरवा बटाटा विषारी असतो, तो खाऊ नये. साधारण तीन महिन्यांनी पाला पिवळा पडला की पाणी बंद करावे आणि दहा दिवसांनी पिशवी उलटी करावी.

फळझाडांपैकी कोणती पिशवीत फळे देतात?

लिंबू, डाळिंब, अंजीर आणि पेरू ही चार झाडे खात्रीने लावावीत. लिंबाचे गुटी कलम (फांदीला झाडावरच मुळे फोडून केलेले रोप) घ्यावे, बियांपासूनच्या रोपाची वाट पाहू नये. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची साई शरबती ही जात महाराष्ट्रात सहज मिळते. डाळिंबात भगवा, तर पेरूत सरदार निवडावा. सरदार पेरू, ज्याला एल-49 असेही म्हणतात, तो पुण्याच्या गणेशखिंड फळ संशोधन केंद्रातच निवडला गेला. अंजिराची फांदी ओल्या मातीत खोचली तरी फुटते. पुरंदरच्या अंजिराची ख्याती सर्वांना ठाऊक आहेच. पिशवीत तेवढे उत्पन्न नाही, पण झाडावर पिकलेले फळ त्याच मिनिटाला खाण्याचा आनंद मिळतो. शेवगा हवा असेल तर दापोलीची कोकण रुचिरा आहे. आंबा हवाच असेल तर दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून आलेली बुटकी आम्रपाली घ्यावी. हापूसच्या मागे लागू नये.

या झाडांना 18 बाय 18 पेक्षा लहान पिशवी देऊ नये. मोठी पिशवी भरण्याआधीच कायमच्या जागी ठेवावी. भरलेल्या पिशवीचे कान धरून ओढले की शिवण उसवते. दर दोन वर्षांनी कडेची चार बोटे माती खरवडून काढून तिथे नवे मिश्रण भरावे.

वेलाला फुले भरपूर येतात, पण फळे पिवळी पडून गळतात. उपाय काय?

मागे इवलेसे फळ असलेले फूल मादीचे आणि नुसत्या देठावरचे फूल नराचे. उंच इमारतींवर मधमाश्या कमी येतात, त्यामुळे परागीकरण होत नाही आणि इवले फळ वाळते. नराचे ताजे फूल खुडून, पाकळ्या मागे सारून, त्यातील परागकण मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावेत. वेळ चुकवू नये: काकडी, कारले, भोपळा आणि घोसाळ्याची फुले सकाळी उमलतात, तर दुधी आणि दोडक्याची संध्याकाळी. दुधीचे पांढरे फूल सकाळी दहा वाजता पाहणाऱ्याला ते कोमेजलेलेच दिसणार.

टोमॅटोचा खालचा भाग काळा पडून सुकतो. हा रोग आहे का?

हा संसर्ग नाही. पाणी कधी भरपूर आणि कधी अजिबात नाही असे झाले की मुळांकडून फळापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही आणि फळाचे बूड काळे पडते. कापडी पिशवीत हे कुंडीपेक्षा अधिक दिसते. औषध फवारू नये. पाणी नियमित करावे, आच्छादन द्यावे आणि काळी पडलेली फळे काढून टाकावीत. पुढची फळे बहुधा चांगली येतात.

कीड कशी आवरावी?

रोज सकाळी पानांची खालची बाजू पाहणे, हाच यातला सर्वांत मोठा भाग आहे. मावा आणि पांढरी माशी सुरुवातीला एक-दोन पानांवरच असतात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने ती धुऊन जातात. वाढली तर लिटरभर पाण्यात 5 मिलि कडुनिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे. भर उन्हात फवारल्यास पाने करपतात. पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्याने पुसून काढावा. भेंडीच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो हळद्या रोग; त्याला उपाय नाही, झाड लगेच उपटावे, नाहीतर पांढरी माशी तो इतर झाडांवर नेते. दुधी-कारल्याच्या फळांना माशी डंख मारते, तिच्यासाठी क्यू ल्यूरचा (नर माश्यांना ओढून घेणाऱ्या वासाचा) सापळा लावावा किंवा कोवळे फळ कागदी पिशवीत बांधावे.

लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी पुढे हिरवी होते आणि तिचे सुंदर फुलपाखरू बनते. आम्ही एका कढीपत्त्यावर तिला राहू देतो आणि लिंबावरच्या अळ्या तिथे नेऊन सोडतो.

वरखत काय द्यावे?

दर पंधरा-वीस दिवसांनी 12 इंची पिशवीला दोन मुठी गांडूळखत पुरते. देशी गाईचे शेण मिळत असेल तर घरगुती प्रमाणात जीवामृत करावे: 10 लिटर पाणी, अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, 100 ग्रॅम गूळ, 100 ग्रॅम बेसन आणि मूठभर चांगली माती. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा ढवळावे, दोन-तीन दिवसांनी दहापट पाण्यातून द्यावे आणि आठवड्याच्या आत संपवावे. युरिया पिशवीत टाकू नये. शेतात तो पसरतो, येथे मुळांना भाजतो.

पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

पाणी साचत नाही हा कापडी पिशवीचा मोठा फायदा येथे दिसतो, पण कोकणात संततधार पावसाने खतही धुऊन जाते. तिथे एकदम खत न देता दर आठवड्याला थोडे द्यावे आणि मिश्रणात कोकोपीट कमी करून तांबडी माती वाढवावी. पिशवीवर बाहेरून चढणारे हिरवे शेवाळ निरुपद्रवी असते. उन्हाळ्यात दिसणारा पांढरा थर पाण्यातील क्षारांचा असतो, विशेषतः बोअरचे पाणी असेल तर. तो ब्रशने झटकावा आणि महिन्यातून एकदा भरपूर पाणी सोडून माती धुवावी.

पीक निघाल्यावर तीच माती पुन्हा वापरता येते का?

निश्चित येते. झाड मुळापासून न उपटता बुडाशी कापावे. मुळे आतच कुजून मातीत वाटा तयार करतात. एप्रिल-मेमध्ये पिशवी रिकामी असेल तर माती ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकने घट्ट झाकावी आणि चार ते सहा आठवडे कडक उन्हात ठेवावी. त्यानंतर एक तृतीयांश नवे खत मिसळावे. टोमॅटो, वांगे, मिरची आणि बटाटा ही एकाच कुळातली झाडे असल्याने एकाच्या जागी लगेच दुसरे लावू नये. मध्ये मेथी किंवा घेवडा घ्यावा.

आठ दिवस गावी जायचे असेल तर झाडांना पाणी कसे मिळेल?

निघण्याच्या आदल्या दिवशी सर्व पिशव्या सावलीत एकमेकींना टेकवून ठेवाव्यात. मधल्या पिशव्यांची फक्त वरची बाजू उघडी राहते आणि पाणी फार कमी उडते. फळे आणि फुले तोडून घ्यावीत, आच्छादनाचा थर दुप्पट करावा. चार-पाच दिवसांसाठी एवढे पुरते. त्याहून अधिक दिवसांसाठी पाण्याची बादली उंच ठेवून तिच्यातून सुती दोरीचे एक टोक प्रत्येक पिशवीच्या मातीत वीतभर खोल पुरावे. ही दोरी आधी पूर्ण भिजवलेली असावी, आणि ही व्यवस्था निघण्यापूर्वी दोन दिवस लावून पाहावी, म्हणजे बादली किती वेळात रिकामी होते ते कळेल. उन्हाळ्यात मात्र यांपैकी कशावरही भिस्त ठेवू नये. शेजाऱ्यांकडे किल्ली द्यावी आणि त्या आठवड्यात येणारी भाजी त्यांनी तोडून न्यावी असे सांगून जावे.